इंजिन ऑईलचं नवं मानक: इंधनबचत आणि इंजिनाचं संरक्षण एकाच शिक्क्यात कशासाठी?

निखळ (धागाकर्ता)

पेट्रोल कारच्या इंजिन ऑईलचं मानक पुन्हा बदललं आहे. इलसॅक या वाहन कंपन्यांच्या समितीच्या जीएफ-७ या नव्या मानकाचे परवाने ३१ मार्च २०२५ पासून सुरू झाले आणि जीएफ-६ साठी ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख ठरली. जोडीला एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) एसक्यू ही नवी श्रेणी आली, म्हणजे आधीच्या एसपीच्या पुढची.

नव्या चाचण्यांबद्दल माझी तक्रार नाही. टायमिंग चेनच्या झिजेची मर्यादा कडक झाली, पिस्टन स्वच्छ राहण्याची अट वाढली, सल्फेटेड राखेवर (ऑईल जळल्यावर उरणाऱ्या राखेवर) ०.९ टक्क्यांची मर्यादा आली. हे सगळं हवंच होतं. माझा आक्षेप इंधनबचतीच्या अटीला आहे. इलसॅकचा शिक्का हवा असेल तर ऑईलने इंजिन तर सांभाळायचंच, शिवाय ठरावीक इंधनबचतही दाखवायची, आणि ती अट या वेळी आणखी वर नेली आहे. या दोन गोष्टींची ओढ एकमेकींच्या विरुद्ध असते. इंधन वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ऑईल पातळ करणं. बेअरिंगमध्ये धातू धातूला लागू न देण्याचं काम मात्र तेलाच्या थराची जाडी करते.

ऑईलच्या चिकटाईचे वर्ग, म्हणजे ग्रेड, ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकानुसार ३० ग्रेडच्या ऑईलची एचटीएचएस, म्हणजे १५० अंश सेल्सिअसला आणि जबर घर्षणाखाली मोजलेली चिकटाई, किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागते. २० ग्रेडला २.६ आणि १६ ग्रेडला २.३ पुरते. बचतीचा टक्का गाठायचा म्हटल्यावर बनवणारा साहजिकच या किमान रेषेला चिकटून राहतो. डब्यावर ५डब्ल्यू-३० (यातला शेवटचा आकडा म्हणजे ग्रेड) वाचून घेणाऱ्याला आतलं ऑईल २.९ चं आहे की ३.४ चं, हे कळायला मार्गच नाही.

म्हणून माझं म्हणणं: संरक्षणाचा शिक्का वेगळा द्या, बचतीचा वेगळा द्या, आणि एचटीएचएसचा आकडा डब्यावर छापा.

चक्रधर

सहमत नाही. तुम्ही मागताय तो वेगळा शिक्का आजही आहे. एपीआयचं गोल चिन्ह नीट पाहा. वरच्या अर्ध्या भागात सेवा श्रेणी असते, मधे ग्रेड, आणि इंधनबचतीची अट पूर्ण केली असेल तरच खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्विंग' असं लिहिलेलं असतं. ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० ला एसक्यू मिळू शकतं, त्यासाठी बचत दाखवावी लागत नाही. ज्याला फक्त संरक्षण हवं त्याने तो गोल बघून घ्यावं. इलसॅकचं स्टारबर्स्ट चिन्ह ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी आहे.

दुसरं. पातळ ऑईलला झिजेच्या चाचणीत सवलत मिळते असा सूर तुमच्या लिखाणात आहे. तशी सवलत मिळत नाही. ०डब्ल्यू-१६ लाही चेनची, व्हॉल्व्ह ट्रेनची आणि गाळाची चाचणी पास व्हावंच लागतं. फरक आहे तो इंजिनात. ज्या इंजिनासाठी १६ ग्रेड सांगितलेलं असतं, त्याची बेअरिंगं, ऑईल पंप, तेलाच्या वाटा सगळं त्या ग्रेडला धरूनच आखलेलं असतं. म्हणून तर १६ ग्रेडच्या जीएफ-७बी या उपप्रकाराला स्टारबर्स्ट न देता ढालीचं निराळं चिन्ह दिलं आहे, म्हणजे ते जुन्या गाडीत चुकून पडू नये.

जुनं इंजिन

ऑईलच्या चर्चेत 'नवं ऑईल सगळ्या जुन्या गाड्यांना चालतं' हे वाक्य नेहमी ऐकू येतं. ते इतकं सरसकट फेकू नका, एवढीच विनंती. जीएफ-४ पासून, म्हणजे २००४ पासून, फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) निकामी करतो. पण हा फॉस्फरस येतो झेडडीडीपी या झिंक-फॉस्फरसच्या संयुगातून, आणि कॅमवर घासत सरकणारे सपाट टॅपेट असलेल्या जुन्या इंजिनांत कॅम आणि टॅपेटला झिजेपासून वाचवणारा मुख्य घटक तोच. त्यातल्या अनेक इंजिनांना कन्व्हर्टरच नाही. नसलेल्या भागाच्या रक्षणासाठी असलेला भाग का झिजवायचा?

चक्रधर

मुद्दा रास्त आहे, पण अर्धा. ०.०८ ची वरची मर्यादा इलसॅकच्या हलक्या ग्रेडांना लागू आहे: १६, २०, ३०. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० घेतलंत तर ती मर्यादा लागू होत नाही, आणि तुमच्या जुन्या इंजिनाला बहुतेक हेच ग्रेड सांगितलेले असतात. शिवाय ०.०६ टक्के ही खालची मर्यादाही आहे, म्हणजे फॉस्फरस पार काढूनही टाकता येत नाही.

अभ्यासू

इथे सगळे ग्रेडवर भांडताय आणि या मानकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाजूला पडली आहे. ती म्हणजे एलएसपीआय, कमी वेगातलं अकाली प्रज्वलन.

लहान, टर्बो लावलेलं, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन कमी आरपीएमवर जोर लावत असताना, पिस्टनच्या कडेच्या फटीतून ऑईल आणि पेट्रोलचा मिश्र थेंब उडतो किंवा साचलेल्या काजळीचा कण सुटतो. स्पार्क पडायच्या आधीच तो पेट घेतो. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोटाचा दाब. हे नेहमीच्या नॉकिंगपेक्षा कैक पटीने भयंकर असतं. रिंगांच्या मधला पिस्टनचा कडा एका झटक्यात तुटू शकतो. आधी कोणती खूणही दिसत नाही.

यात ऑईलचा हात आहे हे उशिरा लक्षात आलं. वर्षानुवर्षं डिटर्जंट म्हणून वापरलेला कॅल्शियम या प्रज्वलनाला खतपाणी घालतो. मॅग्नेशियमचा डिटर्जंट तसं करत नाही, आणि झेडडीडीपी व मॉलिब्डेनमची संयुगं उलट आळा घालतात. म्हणजे उपाय रसायनात होता, जाडीत नव्हता. तुम्ही कितीही जाड ऑईल घाला, त्यात जुन्या पद्धतीचा भरपूर कॅल्शियम असेल तर ते इंजिन धोक्यातच आहे.

आता तारखा पाहा. जीएफ-५ आलं २०१० मध्ये, जीएफ-६ आलं मे २०२० मध्ये. मधल्या दहा वर्षांत टर्बो इंजिनं रस्त्यावर येत राहिली. शेवटी २०१८ मध्ये एसएन प्लस नावाची पुरवणी घाईने जोडावी लागली, कारण मूळ मानकाची वाट बघणं परवडणारं नव्हतं. ज्यांना दर पाच वर्षांनी येणारं मानक हा ऑईल विकण्याचा डाव वाटतो, त्यांनी त्या दहा वर्षांत ज्यांचे पिस्टन फुटले त्यांचा विचार करावा. मला पाच वर्षंसुद्धा जास्त वाटतात.

आणि जीएफ-७ ची खरी कमाई इथेच आहे. जीएफ-६ ची एलएसपीआय चाचणी ताज्या ऑईलवर व्हायची. पण गाडी काही रोज ताज्या ऑईलवर चालत नाही. वापरात त्यातले रक्षक घटक खर्च होत जातात. आता जुन्या झालेल्या ऑईललाही याच चाचणीतून जावं लागतं. एवढ्या एका बदलासाठी मी हे मानक डोळे मिटून स्वीकारीन.

सारथी

अभ्यासूंच्या प्रतिसादाला दाद. पण हायब्रिडचं काय? त्यात इंजिन मधेच चालू होतं, गरम व्हायच्या आत बंद होतं. ज्वलनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि तापमान चढत नसल्याने उडून जात नाही. थंडीत फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते ती त्याचीच. कमी तापमानातल्या गाळाची चाचणी आहे हे ठाऊक आहे, पण दर काही मिनिटांनी थांबणाऱ्या इंजिनाचं वेगळं मोजमाप दिसत नाही. या गाड्यांना ऑईल मात्र सर्वांत पातळ सुचवतात.

निखळ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देतो.

अभ्यासू, जुन्या ऑईलवरच्या चाचणीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण तुमचाच युक्तिवाद पुढे न्या. एलएसपीआयवरचा उपाय रसायनात आहे, जाडीत नाही, तर तो मिळवण्यासाठी बचतीचा टक्का त्याच शिक्क्यात कशाला बांधायचा? संरक्षणातली प्रगती बचतीच्या गळ्यात अडकवल्यावर बचतीची अट नको म्हणणारा माणूस प्रगतीला विरोध करतोय असं वाटायला लागतं. या धाग्यावरसुद्धा तेच झालं.

चक्रधर, गोल चिन्हाचं तुमचं बरोबर आहे. पण ते ग्रेड बदलणाऱ्याच्या कामाचं. ज्याच्या गाडीला ३० ग्रेडच लागतं, त्याला दोन डब्यांतला फरक त्या गोलावरून कळत नाही. हे अशक्य नाही, युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेने, एसीईएने, करून दाखवलंय. त्यांच्या वर्गांत सी३ म्हणजे एचटीएचएस किमान ३.५, सी२ म्हणजे किमान २.९, सी५ म्हणजे २.६ ते २.९ च्या मधे. अक्षर वाचलं की थराची ताकद कळली. ५डब्ल्यू-३० हा एकच ग्रेड तिथे सी२ मध्येही असतो आणि सी३ मध्येही, आणि घेणाऱ्याला तो निवडता येतो.

चक्रधर

एसीईएचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथेही शेवटी निवड गाडी बनवणाराच करतो. पुस्तिकेत सी५ लिहिलं असेल तर सी३ घालायची मुभा आपोआप मिळत नाही. डब्यावर नुसता आकडा छापलात की लोक 'जास्त तेवढं चांगलं' म्हणत चढता आकडा उचलतील. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि चेनचा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतात. गार इंजिनात जाड ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झिजेचा मोठा वाटा त्याच काळातला असतो.

बचतीलाही कमी लेखू नका. एका गाडीत एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक मालकाला जाणवणार नाही. कोट्यवधी गाड्यांनी गुणलात तर न जळालेलं ते इंधन फार मोठं भरतं, आणि त्यासाठी ना नवी गाडी लागते ना नवा रस्ता.

निखळ (धागाकर्ता)

तो टक्का कशाच्या तुलनेत काढतात तेही सांगायला हवं. चाचणीत एक ठरलेलं संदर्भ ऑईल असतं आणि बचत त्याच्या तुलनेत मोजतात. तुमच्या गाडीत आज जे आहे त्याच्याशी ती तुलना नसते. आधीच २० ग्रेड वापरणाऱ्याच्या वाट्याला यातलं फारच थोडं येतं.

आणि आकडा छापल्याने लोक चुकतील म्हणून तो लपवायचा, हे मला पटत नाही. एकाच इंजिनाला एका बाजारात २० ग्रेड आणि दुसऱ्या बाजारात ३० ग्रेड सांगितलेलं असतं. धातू तोच, फटी त्याच, बदलतात ते बचतीचे नियम. मग भर उन्हात ओझं ओढत घाट चढणाऱ्याला आपल्या ऑईलचा थर किती टिकेल हे विचारायचा हक्क आहे. बहुतेक कंपन्या एचटीएचएस त्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकात देतातच. तोच आकडा ग्रेडच्या शेजारी छापायला एक ओळ लागते.

अभ्यासू

आकडा छापायला माझी हरकत नाही, चक्रधरांची असली तरी. पण त्याच्या शेजारी आणखी एक ओळ हवी: हे ऑईल वापरून जुनं झाल्यावर एलएसपीआयची चाचणी पास झालंय की नाही. टर्बो गाडीच्या मालकाने आधी ती वाचावी, एचटीएचएस नंतर.