मदत हवी आहे: गावच्या जुन्या देवळाला ऑइल पेंट लागणार आहे, कोणाकडे जायचं? (रामटेक तालुका)

नमस्कार मंडळी, राहतो नागपूरला पण गाव रामटेक तालुक्यातलं, नगरधनच्या बाजूचं. नाव मुद्दाम देत नाही, गावातलेही इथे वाचतात आणि मला कोणाशी वाद नको. शिवाराच्या कडेला महादेवाचं जुनं देऊळ आहे, सगळे हेमाडपंती म्हणतात, चिऱ्यावर चिरा बसवलेला, मधे चुना वगैरे काही नाही. आता महाशिवरात्रीच्या आधी जीर्णोद्धार करायचा ठरलाय, वर्गणी जमा होऊन राहिली, आणि जीर्णोद्धार म्हणजे काय तर बाहेरून केशरी ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स, सांध्यांत सिमेंट, आणि मिस्त्री म्हणते की जुना शेंदूर न् काजळी ग्राइंडर लावून काढून देतो. ग्राइंडरचं ऐकून पोटात गोळाच आला.

गावकऱ्यांची श्रद्धा खरी आहे, त्यात शंका नाही. पावसाळ्यात छत गळते, म्हाताऱ्या बाया पाणी घालायला जातात तर फरशीवर पाय घसरते, त्यांना चांगलं व्हावं असंच वाटते. म्हणून नुसतं "हात लावू नका" म्हणून भागणार नाही.

पण हा तालुका काय आहे बघा. रामटेकच्या गडावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंहाची देवळं वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची, केवल नरसिंहाच्या भिंतीवर तर शिलालेखच आहे. मनसरला हिडिंबा टेकडीवर १९९०च्या दशकात उत्खनन झालं. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन असं मानतात, तिथल्या खोदकामात प्रभावतीगुप्ता राणीची मातीची मुद्रा मिळाली. त्रिपुरी पौर्णिमेला लोक गडावर जातात, अंबाळा तलावावर जातात, खिंडसी तलावात बोटिंग करून परत येतात, पण आजूबाजूच्या खेड्यांत पडलेल्या दगडांकडे कोण पाहते?

आमच्या नंदीमागे एक शिळा उभी आहे. तिच्यावर कोपरात वाकलेला हात, मनगटापासून वर बांगड्या, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बाया तिला हळदकुंकू लावतात. मिस्त्रीचं म्हणणं, ती आडवी टाकून पायरी करू. मला सांगा, १) देऊळ संरक्षित आहे का हे कुठे कळेल २) काम थांबवायला अर्ज कोणाला करायचा ३) गावाला न दुखवता कसं सांगायचं?

प्रतिसाद १:
भाऊ, ती सतीशिळा आहे. पायरी अजिबात होऊ देऊ नका, गावातल्याच कोण्या सती गेलेल्या बाईची आठवण आहे ती, एवढं सांगितलं तरी बायाच मिस्त्रीला आडव्या येतील. जुनी स्मारकं जपायचा केंद्राचा कायदा १९५८चा, राज्याचा १९६०चा, पण दोन्ही अधिसूचित स्मारकांपुरते. राज्य पुरातत्त्वचं ऑफिस नागपुरातच आहे, तिथे यादी बघून घ्या आणि फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका. यादीत नाव नसलं तर सगळी भिस्त गावावर. सातबारा काढा म्हणजे जागा कोणाची ते कळते, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंद असते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्या न् ठराव करून घ्या.

प्रतिसाद २:
दादा, पेंटबद्दल गावात असं सांगा की ऑइल पेंटखाली दगडातली ओल आतच अडकते, मग पोपडे धरतात आणि पोपड्यासोबत नक्षी पण जाते. सिमेंटचं तसंच, ते दगडापेक्षा कडक, त्यामुळे कडा फुटतात. गळती तर छतावरची झाडं-मुळं काढून, वर चुन्याचा कोबा करूनही थांबते. पाय घसरते तिथे टाइल्स कशाला, खडबडीत दगडी फरशी टाका, पण जुन्या दगडाला न चिकटवता. आणि विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागात एकदा जाऊन या, नगरधनच्याच भागातलं देऊळ म्हटल्यावर सर लोक पाहायला येऊ शकतात. बाहेरचा जाणकार माणूस देवळापुढे हात जोडून उभा राहिला की गाव ऐकते.

धागाकर्ता:
दोघांचेही खूप आभार. सतीशिळेचं आईला फोनवर सांगितलं, ती उद्याच भजनी मंडळाच्या बायांशी बोलते म्हणाली. मी सोमवारी पुरातत्त्वच्या ऑफिसात जातो. त्याआधी रात्री टॉर्च तिरपा धरून भिंतींचे फोटो घेतो, शेंदराखाली अक्षरं असली तर तशी दिसतात असं ऐकलंय. आता एकच अडलं, वर्गणी परत करा म्हटलं तर भांडण होईल, त्याच पैशात छताचं काम व्हायला पाहिजे. रामटेक, मौदा, पारशिवनीकडे चुन्याचं काम येणारा जुना मिस्त्री कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्लीज.