पाऱ्याच्या त्या प्रयोगाचं श्रेय एकट्या ऑनेस यांना का?

फोंड्याची_शिक्षिका
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या नववीच्या मुली अतिवाहकतेवर, म्हणजे अतिथंडीत काही पदार्थांचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो त्यावर, फलक करताहेत. त्यांनी लिहिलं, ‘१९११ साली हाइके कामरलिंग ऑनेस यांनी शोध लावला.’ मी ते वाक्य बदलायला सांगितलंय. ८ एप्रिल १९११ ला नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत ऑनेस आणि यंत्रं घडवणारे फ्लिम पाऱ्याला अतिथंड ठेवणाऱ्या द्रव हेलियमच्या भांड्यापाशी होते. पाऱ्याचा रोध मोजत होते त्यांचे सहकारी होल्स्ट आणि डॉर्समन, तेही पंपांच्या हादऱ्यांपासून लांब, एका अंधाऱ्या खोलीत गॅल्व्हनोमीटरवर, म्हणजे बारीक विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळे लावून. रोध जवळपास शून्य झालेला आधी त्यांना दिसला. निबंध मात्र एकट्या ऑनेस यांच्या नावावर छापला गेला. फलकावर चारही नावं हवीत.

डिचोलीकर
बाई, हे पटत नाही. १८८२ मध्ये ऑनेस लायडनला प्राध्यापक झाले आणि १० जुलै १९०८ ला हेलियम द्रवरूप झाला. मधली सव्वीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा उभारण्यात घातली. यंत्रं बनवणारी माणसं मिळेनात म्हणून तिथंच त्यांचं शिक्षण सुरू केलं. हेलियम मोनाझाइट वाळूतून काढावा लागला. १९२३ मध्ये टोरांटोला जमेपर्यंत जगात दुसरीकडे कुठंच द्रव हेलियम नव्हता. शुद्ध धातूचा रोध अतिथंडीत नाहीसा होईल हा अंदाज त्यांचा, आणि ऊर्ध्वपातनानं खूप शुद्ध करता येतो म्हणून पारा घेतला तोही त्यांनीच. आकडे वाचायला त्या खोलीत कुणीही बसलं असतं.

फोंड्याची_शिक्षिका
‘कुणीही’ या शब्दाला माझी हरकत आहे. हेच होल्स्ट पुढं आइंडहोव्हनला फिलिप्सच्या संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. आणि अंदाज होता तो रोध हळूहळू कमी होण्याचा. ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांच्या आसपास, तो एकदम कोसळतो हे पुढच्या काही महिन्यांच्या बारीक मोजमापातून कळलं. ते कुणाच्याच मनात नव्हतं. मग जी गोष्ट मोजणीतूनच हाती आली, तिच्यात मोजणाऱ्याचा वाटा नाही कसा?

पेडण्याचा_वाचक
बाईंच्या बाजूनं. आमच्या जत्रेतल्या नाटकात पडदा ओढणाऱ्याचंही नाव माईकवर घेतात.

मडगाव_भौतिकी
एक लक्षात घ्या, १९१३ चं नोबेल अतिशीत तापमानावरच्या संशोधनासाठी आणि त्यातून साधलेल्या द्रव हेलियमसाठी होतं. त्यामुळे ‘नोबेल त्यांनाच मिळालं, म्हणून शोधही त्यांचाच’ हा युक्तिवाद इथं चालणार नाही. मुलींना फलकावर एमआरआयही दाखवू द्या. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ज्या तपासणीला माणसं जातात, तिच्या यंत्रात अतिवाहक तारांचं चुंबक असतं आणि त्यालाही द्रव हेलियमच थंड ठेवतो.

डिचोलीकर
‘कुणीही’ मागं घेतो, होल्स्ट यांच्यावर तो अन्याय होता. पण चार नावं एका ओळीत, सारख्या अक्षरांत नकोत. प्रश्न कुणी विचारला आणि त्याचं उत्तर मिळेल अशी जागा कुणी उभारली, हे मुलींना कळलं पाहिजे. ऑनेस वर, ठळक. खाली तिघं, प्रत्येकाचं काम लिहून. फ्लिम यांच्यापुढं ‘मदतनीस’ लिहू नका, हेलियमचं यंत्र त्यांच्या हातांनी घडलंय.

फोंड्याची_शिक्षिका
कामं लिहिण्याची सूचना घेतली, मुली उद्या तो भाग नव्यानं लिहितील. ठळक अक्षरांना माझा विरोध कायम आहे.