प्रतिसाद: अडाणीपणा नाही, सोयरीक
"खेड्यातले लोक अडाणी, म्हणून जनुकीय चाचणीला भितात" हे वरचं मत पटलं नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात खरी अडचण सोयरिकीची. आत्याला पस्तिशीतच स्तनाचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी बीआरसीए चाचणी सुचवली, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यातून येणारा जनुकीय दोष आहे का ते रक्तातून पाहणारी. काका म्हणाले, "कागदावर आलं तर पोरीले पाहाले कोण येईन?" नागपूरच्या खेपा, खर्च, सोयाबीनची सवंगणी, हे सगळं नंतरचं.

आणखी एक सुटलंय. या चर्चेत सगळे आईकडचाच कॅन्सरचा इतिहास विचारताहेत. हा दोष बापाकडूनही येतो. ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, उतरण्याची शक्यता ५० टक्के. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते तुरीच्या शेंगा सोलत होते. "म्हंजे मलेबी रक्त द्या लागते का?" एवढंच विचारलं.