प्रति: नाव आहे, पण कुठल्या मतदार यादीत?
मुंबई इलाख्यात बायकांना १९२१ सालीच मताचा हक्क मिळाला, असं या चर्चेत कुणी म्हटलंय, ते खरं. पण मालमत्तेची अट होती. गिरणीतली बाई बाहेरच राहिली. आज ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या तुर्भ्यात कारखान्यात कामाला जाणारीचं मत अडतं पत्त्यापायी: नाव माहेरच्या यादीत, बिऱ्हाड दिघ्यात. अशा वेळी फॉर्म ६ (नव्या मतदाराच्या नोंदणीचा) नको, दुबार नोंद होते. फॉर्म ८ (पत्ता बदलण्याचा) भरायचा. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दिला, तर तो नोंदणीकृतच लागतो. कुठलाच पुरावा नसेल, तर जागेवर पडताळणी होते.

मतदानाच्या सुट्टीचा पगार रोजंदारीवालीलाही मिळतो (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ब). मालकाला दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच, मग घाबरतो कोण!