फँटसी फुटबॉलमध्ये (एनएफएलच्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) मदत हवी आहे: बॅकअप रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन पळणाऱ्या मुख्य खेळाडूच्या राखीव खेळाडूसाठी) बेंचची जागा अडवावी का?

१२ संघांची लीग, हाफ-पीपीआर (झेललेल्या प्रत्येक पासला अर्धा गुण), बेंचवर ६ जागा, वेव्हरसाठी (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंवर बोली लावायला) हंगामाला १०० डॉलर. अशा लीगमध्ये बॅकअपची किंमत कशी ठरवता?

दोन प्रकार वेगळे धरायला हवेत असं मला वाटतं. पहिला टायलर अल्जियरचा. त्याने २०२२मध्ये अटलांटा फाल्कन्ससाठी १,०३५ यार्ड काढले. २०२३च्या ड्राफ्टमध्ये फाल्कन्सनी बिजान रॉबिन्सन या रनिंग बॅकला आठव्या क्रमांकावर घेतलं, तरी अल्जियरला कॅरी (चेंडू घेऊन पळायच्या संधी) मिळत राहिल्या. पण पास मोजकेच. १० कॅरीत ४५ यार्ड म्हणजे साडेचार गुण. टचडाउन नसेल तर त्या आठवड्यात तो खेळवण्यालायक नाही. दुसरा प्रकार जॉर्डन मेसनचा. २०२४च्या पहिल्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री बाहेर बसला आणि मेसनने जेट्सविरुद्ध २८ कॅरीत १४७ यार्ड काढले. मुख्य खेळाडू असेपर्यंत शून्य, नसला की थेट पहिल्या फळीतला! मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो.

अडचण अशी की मुख्य खेळाडू जखमी झाल्यावर सगळं काम एकाकडे जाईल की दोघांत वाटलं जाईल, हे आधी ओळखायचं कसं? थर्ड डाउनचे (तिसऱ्या प्रयत्नाचे, बहुधा पासचे) स्नॅप म्हणजे मैदानावर असलेले डाव, गोलरेषेपासून पाच यार्डांच्या आतल्या कॅरी आणि ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू) अडवण्याची क्षमता, यांत तुम्ही आधी काय बघता? ब्लिट्झ अडवता न येणाऱ्याला प्रशिक्षक पासच्या डावात बाहेर काढतात, मग टार्गेटही (त्याच्याकडे फेकलेले पास) जातात.

शिवाय, स्वतःच्याच मुख्य खेळाडूचा बॅकअप ठेवावा की दुसऱ्याच्या? आणि दुखापतीची बातमी येण्याआधी त्यावर किती डॉलर लावाल?