केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभे राहील. पण त्याची स्वतःची नाटके कोणती?

मूळ मांडणी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती तगल्या, पण छप्पर, रंगमंच आणि आसने गेली. ‘होते तसेच उभारू’ असा शब्द शासनाने दिला आणि कोल्हापूरकरांनी तो लावून धरला, हे योग्यच झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये युरोपात नाट्यगृहे पाहिली, १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधून घेतले आणि १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. हा इतिहास इथे बहुतेकांना पाठ आहे. म्हणून दगड, कौले आणि कमानी यांवर मी अधिक लिहीत नाही.

माझा प्रश्न नाटकांचा आहे. या वास्तूच्या नावावर एकही नाटक नाही. मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांनी जे पाठवले ते इथे झाले, हौशी संस्थांनी स्पर्धेसाठी जे बसवले ते इथे झाले, आणि उरलेल्या तारखा स्नेहसंमेलने व सत्कारसमारंभांना गेल्या. शेजारच्या खासबागेचे उदाहरण पाहा. महाराजांनी कुस्तीसाठी केवळ मैदान बांधले नाही, तर तालमी उभ्या केल्या, पैलवानांच्या खुराकाची सोय केली आणि वस्ताद नेमले. त्यामुळे मैदानात उतरणारा माणूस याच मातीत तयार झाला. नाटकाला मात्र आपण आजवर फक्त मैदान दिले आहे.

यासाठी प्रस्ताव असा आहे की नव्या नाट्यगृहाबरोबर त्याची स्वतःची नाटकमंडळीही उभी करावी: वार्षिक करारावरचे दहा-बारा नट-नटी, एक दिग्दर्शक, प्रकाश आणि नेपथ्य सांभाळणारे दोघे-तिघे. त्यांनी वर्षाला तीन नाटके बसवावीत. एक जुन्या संगीत नाटकांपैकी, एक या भागातील लेखकाचे नवे आणि एक अन्य भाषेतून आलेले असावे. त्यांचे प्रयोग आधी इथे व्हावेत आणि मग इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव असे फिरावेत.

पहिला प्रतिसाद: विरोधात

भावना समजते, पण इतिहास आपल्या बाजूने नाही. मराठी नाटक फिरस्ते आहे आणि फिरण्यातूनच ते वाढले. केशवराव कोल्हापूरचे असले, तरी ‘ललितकलादर्श’ ही आपली नाटकमंडळी त्यांनी १९०८ मध्ये हुबळीला स्थापन केली. त्याआधी ‘स्वदेशहितचिंतक’मध्ये बालवयात त्यांनी ‘शारदा’ गाजवली, तेव्हाही ती मंडळी गावोगाव फिरतच होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते, दोन स्वतंत्र मंडळ्या आपापल्या बळावर मोठ्या झाल्या होत्या म्हणूनच त्या रात्रीला अर्थ आला. महाराजांनी नाटकमंडळ्यांना आश्रय दिला, पण त्यांना दरबारी नोकर केले नाही, आणि हा भेद फार महत्त्वाचा आहे.

पगारी मंडळीचा अनुभव शेजारी कर्नाटकात आहे. म्हैसूरच्या ‘रंगायण’ या सरकारी नाट्यसंस्थेने १९८९ मध्ये ब. व. कारंतांच्या नेतृत्वाखाली उत्तम सुरुवात केली. पण त्या वेळी कायम स्वरूपात घेतलेले नट एकत्रच वयस्कर झाले, आणि सरकार बदलले की संचालकपदावरून वाद होऊ लागले. आपल्याकडे महापालिकेच्या आस्थापनेवर नट आले, तर तालमीपेक्षा सेवाज्येष्ठतेची चर्चा जास्त होईल. त्याऐवजी भाडे कमी ठेवा, तारखांचे वाटप उघडपणे करा आणि शनिवार-रविवारी नाटकालाच प्राधान्य द्या. एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

दुसरा प्रतिसाद: प्रस्तावाच्या बाजूने

मी हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो, म्हणून पडद्यामागची बाजू मांडतो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिने महाराष्ट्राला नट, लेखक, दिग्दर्शक दिले, याबद्दल दुमत नाही. पण जिल्ह्याच्या केंद्रावर उतरणाऱ्या नाटकाचे पुढे काय होते, हे एकदा पाहावे. दोन-अडीच महिने कुणाच्या तरी गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात रात्री तालमी होतात. नोकरी सांभाळून आलेली माणसे पहाटेपर्यंत सेट लावतात. एक प्रयोग होतो, आणि अंतिम फेरी मिळाली नाही तर त्याच रात्री फ्लॅट्स सोडवून टेम्पोत चढतात. पुढच्या वर्षी तेच लाकूड दुसऱ्या नाटकाला लागते. नाटक पिकायला वीस-पंचवीस प्रयोग लागतात. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे अस्वस्थ होतो, कुठला प्रवेश लांबला आहे, हे पहिल्या प्रयोगात कळत नाही. आमची बहुतेक नाटके कच्चीच संपतात.

कोल्हापुरात माणसांची वाण कधीच नव्हती. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे या परिसरातलेच होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चित्रकार नाटकांचे पडदे रंगवत असत, आणि तोच हात पुढे बाबूरावांनी सिनेमाकडे नेला. शरद भुथाडिया यांच्या ‘प्रत्यय’ या नाट्यसंस्थेने विंदा करंदीकरांच्या अनुवादातला ‘राजा लिअर’ याच शहरात उभा केला. हे सारे व्यक्तींच्या हट्टावर घडले, आणि हट्ट करणारा माणूस थकला की काम थांबते. पुरस्कार आपण पुष्कळ देतो. सलग काम करण्याची सोय मात्र देत नाही.

तिसरा प्रतिसाद: विरोधात, वेगळ्या कारणाने

मंडळी असण्याला माझी हरकत नाही; ‘एक जुने संगीत नाटक’ या अटीला आहे. संगीत नाटक म्हणजे मधे गाणी असलेले नाटक नव्हे. त्याला गाता नट लागतो, ऑर्गन-तबल्याची साथ लागते आणि पद किती रंगवायचे याचे भान असलेला प्रेक्षक लागतो. अशा नटाला शिकवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दहा-बारा जणांच्या मंडळीत हे सगळे बसवायला गेलो, तर ध्वनिमुद्रित साथीवर म्हटलेली चार पदे आणि भरजरी शालू एवढेच हाती लागेल. ते पाहून तरुण प्रेक्षक संगीत नाटकापासून आणखी दूर जाईल. देवल आणि खाडिलकर यांच्यावर माझे प्रेम आहे, म्हणूनच त्यांचे असे प्रदर्शन नको वाटते.

आणखी एक गोष्ट. शाहू महाराजांचे नाव घेताना आपण नेहमी संगीत नाटकापाशीच का थांबतो? सत्यशोधक जलसे, म्हणजे सत्यशोधक चळवळीचे विचार गाण्या-संवादांतून मांडणारे लोकनाट्याचे खेळ, याच राज्यात गावोगाव झाले. त्यातला सवाल-जवाब, त्यातली रोखठोक भाषा आणि जातिव्यवस्थेवरचा घाव हासुद्धा या मातीचा नाट्यवारसा आहे. नाट्यगृहाच्या नावावर पहिले नाटक लागायचे असेल, तर ते त्या धाग्यावरचे का असू नये?

मूळ लेखिकेचे उत्तर

जलशांची सूचना मला मनापासून पटते. नव्या नाटकाची जागा त्यासाठीच राखून ठेवता येईल. संगीत नाटकाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. शिकवणारे थोडे उरले आहेत, हेच ते आत्ता शिकण्याचे कारण आहे. दहा वर्षांनी ही चर्चा करायला विषयच उरणार नाही. मुद्रित साथ नको, हे मान्य. साथीदार मंडळीतच हवेत, आणि त्यासाठी त्या वर्षी तीनऐवजी दोन नाटके झाली तरी चालतील.

पहिल्या प्रतिसादातल्या ‘रंगायण’च्या दाखल्याचे उत्तर त्याच राज्यात आहे. हेग्गोडूसारख्या लहान गावातून ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने १९८५ पासून ‘तिरुगाट’ हा फिरत्या नाटकांचा उपक्रम चालवला आहे. त्यात दरवर्षी मंडळी बांधायची, मोजकी नाटके बसवायची आणि ती घेऊन कर्नाटकभर फिरायचे असा क्रम असतो. तिथे कायम नोकरी नाही, म्हणून सेवाज्येष्ठताही नाही. माझ्या प्रस्तावातला ‘वार्षिक करार’ हा शब्द त्यासाठीच आहे. फिरण्याला माझा विरोध नाहीच. फिरून आल्यावर परतायला घर असावे, एवढेच मागणे आहे. केशवरावांना हुबळीला जावे लागले ते १९०८ मध्ये. तेव्हा कोल्हापुरात हे नाट्यगृह नव्हते.

पहिल्या प्रतिसादकाचे प्रत्युत्तर

‘तिरुगाट’चा दाखला योग्य आहे, पण त्याच्यामागे के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ पासून उभी केलेली संस्था होती. तिने आधी प्रेक्षक घडवला, नाट्यशाळा काढली आणि नंतर मंडळी बांधली. आपण क्रम उलटा लावतो आहोत. कराराच्या अटीने माझा अर्धा आक्षेप दूर होतो. उरलेला अर्धा असा की नाटक कोण निवडणार? ज्याच्या हातात अनुदान, त्याच्या हातात संहिता, हे टाळण्याची व्यवस्था प्रस्तावात दिसत नाही. जलशाच्या परंपरेतले धारदार नाटक या मंडळीने बसवले आणि कुणा पदाधिकाऱ्याला ते झोंबले, तर तारीख रद्द करणारा आणि पगार देणारा एकच असेल. निवड समितीत रंगकर्मींचे बहुमत, तिची ठरावीक मुदत आणि मंडळीचे स्वतंत्र खाते या तीन गोष्टी लेखी आल्या, तर मी या प्रस्तावावर सही करीन. त्या येईपर्यंत माझा विरोध कायम आहे.