विषय: पहाटेचा धक्का आणि अखंड दिवा

प्रेषक: लातूरकर, एल सेरिटो (कॅलिफोर्निया)
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, पहाटे ४:४१

नमस्कार मंडळी,

२:५६ चा भूकंपाचा धक्का तुमच्यापैकी बऱ्याच जणांना जाणवला असेल. ४.३ चा होता म्हणे, केंद्र बर्कलीत, म्हणजे आमच्या अगदी उशाशी. फोनवरचा भूकंपाचा इशारा आधी किंचाळला की घर आधी हललं ते सांगता येणार नाही. भानावर आले तेव्हा लेकराला काखोटीला मारून मी जिन्यात उभी होते, अनवाणी. नवरा वरून ओरडत होता, "अगं थांबलं, थांबलं!" आणि मला ते ऐकूच येत नव्हतं.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला सात वर्षांची होते. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे ३:५६ ला ते झालं. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून तर आज ही मेल लिहायला मी आहे. वडिलांनी मला दंडाला धरून दारातून बाहेर भिरकावलं. मागे माळवद खाली आलं. आजी आत होती.

तेव्हापासून माझ्या पायांना एवढंच ठाऊक, की बाहेर पळायचं. इथे सगळे सांगतात, पळू नका, टेबलाखाली शिरा. कानांना पटतं, पायांना पटत नाही. बत्तीस वर्षं झाली.

एक प्रश्नही आहे. आज घटस्थापना. चौरंग रात्रीच मांडून ठेवला होता, परडीत माती भरलेली. धक्क्यात त्यातली चिमूटभर सांडली, नुकसान तेवढंच. पण नऊ रात्री दिवा तेवत ठेवायचा आणि आपण आत झोपायचं, हे यंदा माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही काय करता?

---

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट
सोमवार, सकाळी ७:१२

आम्ही ढाराढूर, काहीच कळलं नाही. पण मोठा यायचाच आहे. २०४३ पर्यंत ६.७ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे. हेवर्ड फॉल्टचा (इथल्या जमिनीखालच्या भेगेचा) शेवटचा मोठा १८६८ चा, मुदत संपत आलीय. काळजी घ्या!

---

प्रेषक: कार्यकारिणी
सोमवार, सकाळी ९:०५

कृपया सर्वांना उत्तर पाठवणं टाळा. भोंडल्याची नोंदणी बुधवारपर्यंत. खिरापत ओळखणाऱ्यांना बक्षीस आहे.

---

प्रेषक: पाटणचे काका, सनीवेल
सोमवार, सकाळी ११:३०

(कार्यकारिणीची क्षमा मागून सर्वांनाच पाठवतो आहे.)

मुली,

मी पाटणचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आमचीही जमीन हलली. मी नऊ वर्षांचा होतो. कोयनानगरच्या घरांचा चुराडा झाला, धरण तेवढं उभं राहिलं. त्यानंतर धक्के येतच राहिले, अजून येतात. शाळेत गुरुजी खडू फळ्यावर टेकवून थांबायचे, "गेला?" विचारायचे आणि गणित पुढे चालू. त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, कोयनेची माणसं भूकंपाला घाबरत नाहीत. साफ खोटं. दुसऱ्यांदेखत घाबरत नाहीत, एवढंच.

माझी आई कित्येक महिने घरात झोपली नाही. अंगणात मांडव घातला होता, त्यात थंडी काढली, पुढचा उन्हाळाही काढला. पावसाच्या तोंडावर आत आली ती एका अटीवर, की तुळईला कंदील टांगायचा, वात बारीक करून रात्रभर. दचकून उठली की आधी कंदिलाकडे बघायची. हलत असला तर आम्हाला उठवायची. स्थिर असला तर "मनातलाच होता" म्हणायची आणि कूस बदलायची. धक्क्यानंतर अंथरूण हलल्याचा भास पुष्कळांना होतो, बरेच दिवस होत राहतो. ते काही खूळ नव्हे. तुलाही या आठवड्यात होईल. तेव्हा बघायला काहीतरी टांगून ठेव.

फ्रीमाँटच्या मित्रा, तुझा आकडा बरोबर आहे. पण तो २०१४ पासूनच्या तीस वर्षांचा आणि सबंध बे एरियाचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या सगळ्या भागाचा. रात्रभर जागलेल्या बाईला नाश्त्याच्या वेळी सांगायचा तो आकडा नव्हे.

---

प्रेषक: एक इंजिनिअर, हेवर्ड
सोमवार, रात्री ९:४८

वहिनी,

मी इमारतींचंच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमचे पाय १९९३ ला बरोबर होते. तिकडची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण हललं की भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांना सोडतात आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर. तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली ती बहुतेक अशीच. असल्या घरातून बाहेर पडता येत असेल तर पडावंच.

इथलं घर लाकडी सांगाड्याचं. वर प्लायवुड, आत जिप्समचे पातळ तक्ते. करकरतं, वाकतं, भेगा पडतात, पण सहसा अंगावर बसत नाही. इथे लोकांना लागतं ते पळताना पडून, फुटक्या काचेवर पाय देऊन, नाहीतर कपाट आणि टीव्ही अंगावर येऊन. हलत असताना जिन्यात असणं सगळ्यात वाईट. तुम्ही आज नेमक्या तिथेच होतात. आणि रात्री पलंगावर असलात तर टेबल शोधत जायचंही नाही. तिथेच पालथं पडून उशीनं डोकं-मान झाकायची.

मात्र एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या बिल्डिंगच्या तळाला गाड्या लावायला मोकळी जागा आहे का? वर घरं आणि खाली नुसते बारीक खांब? १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात तसल्याच इमारती गुडघ्यात मोडल्यासारख्या बसल्या. खाली स्टीलची चौकट घातली आहे का, मालकाला विचारा. संकोच करू नका, भाडं देता तुम्ही.

बाकी किरकोळ. पुस्तकांचं कपाट भिंतीतल्या लाकडाला स्क्रूनं पक्कं करा, नुसत्या जिप्समला नको, ते उपटून येतं. वॉटर हीटरला दोन पट्टे हवेत, एक वर, एक खाली. पलंगाच्या पायाला पिशवी बांधून त्यात बूट आणि टॉर्च. आणि यंदा १६ ऑक्टोबरला सकाळी १०:१६ ला सगळ्या राज्याची भूकंपाची तालीम आहे, त्या दिवशी लेकराबरोबर तुम्हीही टेबलाखाली शिरा. पायांना शिकवायला तेवढा एकच उपाय मला ठाऊक आहे.

शनिवारी ड्रिल घेऊन येतो. चहा पाजा.

---

प्रेषक: काकू, कॉनकर्ड
मंगळवार, २३ सप्टेंबर, सकाळी ६:२०

अगं, दिव्याचं कुणी बोललंच नाही!

१९०६ ला सॅन फ्रान्सिस्को मिनिटभर हललं आणि तीन दिवस जळलं. आगीनं केलेलं नुकसान हादऱ्याहून कितीतरी मोठं होतं. हे वाचल्यापासून रात्रीचा पेटता दिवा मी बंद केला. जागे आहोत तोवर तुपाचा दिवा, पितळी परातीत वाळू घालून त्यात रुतवलेला, पडद्यापासून लांब. झोपताना शेजारी बॅटरीचा लावायचा आणि मग तुपाचा शांत करायचा. (विझवायचा म्हणू नये गं.) सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा मिनिटभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, वात तेवढी रोज बदलत जा." बॅटरीच्या दिव्याची!

---

प्रेषक: लातूरकर, एल सेरिटो
मंगळवार, ३० सप्टेंबर, पहाटे ४:२५

काका, काकू, हेवर्डचे दादा,

शनिवारी दादा येऊन गेले. आमच्या बिल्डिंगला खाली पार्किंगच आहे, पण पुढच्या बाजूला स्टीलची जाडजूड चौकट आहे. चार वर्षं मी तिच्याशेजारी गाडी लावतेय आणि मला वाटायचं, ती गॅरेजच्या दाराची आहे. दादांनी तिच्यावर थाप मारून दाखवली. मग मीही मारून बघितली. तेव्हापासून रोज गाडीतून उतरले की हात लागतोच.

आज तीच तारीख. साडेतीनलाच जाग आली. काका, कंदील नाही आमच्याकडे, पण घटावर आठ माळा लोंबताहेत. दिवा काकूंच्या पद्धतीचा. ३:५६ ला पलंग हलला. उठून दारापर्यंत गेलेही, खोटं कशाला बोलू. मग माळांकडे बघितलं. झेंडूची शेवटची माळ सगळ्यात खाली येते, परडीतल्या अंकुरांना टेकायला आलीय. ती जागची हलली नव्हती. बराच वेळ बघत उभी राहिले. रस्त्यानं कचऱ्याची गाडी गेली तेव्हाही नाही.

आजीला परडीतल्या धानाचं फार कौतुक होतं. ते यंदा चांगलं वीतभर आलंय.

बाकी, आमच्या टेबलाखाली आम्ही तिघं मावत नाही. नवऱ्याचे पाय बाहेर राहतात. कुणाला जुनं, मजबूत डायनिंग टेबल द्यायचं असेल तर १६ तारखेच्या आत कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. काचेचं नको.